चाळीस पायऱ्यांचा प्रश्न



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय नेहमी येतात. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो त्या मानाने फारच किरकोळ वाटेल. तो विषय म्हणजे रेल्वे स्टेशनचा जिना, फलाट, आणि फलाट व गाडी यांच्यामधली चार बोटांची पोकळी. परंतु गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात या तीन गोष्टी दिवसातून दोनदा येतात, आणि ज्याचे पाय थकले, ज्याची दृष्टी गेली, किंवा जो कुबडीवर वा चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याचे घराबाहेर पडणे या तिन्हींवर अवलंबून असते. विषयाचे शीर्षक चालकांनी 'मर्यादित खर्चात उपनगरी स्टेशनांची सुधारणा' असे कळविले होते. त्यातला 'मर्यादित खर्चात' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पैसा अमाप असता तर व्याख्यानाची गरजच नव्हती. पैसा थोडा आहे म्हणूनच आधी काय करावे आणि मागाहून काय, याचा विचार करणे प्राप्त आहे. आम्ही अभियंते नव्हे, की रेल्वेचे अधिकारीही नव्हे. एका नागरिकाला जेवढे दिसते आणि समजते, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम आपली स्टेशने अशी का झाली हे पाहिले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा गाडीत बसणे हाच एक समारंभ होता. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली, १९२८ साली पश्चिमेकडे चर्चगेट-बोरिवली मार्गावरही ती आली, आणि लोकल ही मुंबईच्या पोटापाण्याची सोय झाली. रुळांच्या संख्येत भर पडली, गाड्या वाढल्या. रूळ ओलांडून जाणे धोक्याचे ठरले, म्हणून पूल आले, आणि पूल आले म्हणून जिने आले. जेथे लोहमार्ग संपतो तेथे जिन्याची गरजच पडत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रस्त्यावरून आत शिरलेला माणूस एकही जिना न चढता गाडीच्या दारापाशी पोहोचू शकतो. पण चिंचपोकळी, करी रोड, परळ येथे रूळ पुढे जातात आणि फलाट रुळांच्या मधोमध असतात. तेथे वर चढून खाली उतरल्याखेरीज गत्यंतर नाही.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. आपल्या भागात दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग शेजारी शेजारी धावत होते, एक जी. आय. पी. आणि दुसरी बी. बी. सी. आय. प्रत्येकीने आपापले स्टेशन बांधले. म्हणून दादरला दोन स्टेशने झाली, आणि परळच्या शेजारी एल्फिन्स्टन रोड झाले, ज्याचे नाव जुलै २०१८ पासून प्रभादेवी आहे. १९५१ साली मध्य व पश्चिम असे विभाग झाले तरी ही दुहेरी व्यवस्था कायमच राहिली. त्यामुळे एकाच प्रवाशाची वाट दोन रेल्वेंच्या आणि एका महानगरपालिकेच्या हद्दीतून जाते. पुलाची एक बाजू याची, दुसरी त्याची, आणि जिना उतरल्यावरचा फूटपाथ तिसऱ्याचाच. ज्याचे काम तिघांचे, ते पुष्कळदा कोणाचेच होत नाही.

आता जिन्याचा हिशेब करू. रुळांवर विजेच्या तारा असल्यामुळे पूल पुरेसा उंच ठेवावा लागतो. ही उंची सहा मीटर धरली आणि एक पायरी १५ सेंटिमीटरांची धरली, तर चाळीस पायऱ्या होतात. चाळीस चढायच्या आणि चाळीस उतरायच्या. दादरला गाडी बदलायची असेल तर हेच पुन्हा एकदा. गिरगावातल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध गृहस्थाने घरचा जिना कसाबसा उतरला, तरी चर्नी रोडला त्याच्यापुढे दुसरा जिना उभा असतो. अशा माणसांचे प्रवास हळूहळू बंद होतात. आधी नाटकाला जाणे सुटते, मग मुलीच्या घरी जाणे सुटते, आणि शेवटी फक्त इस्पितळात जाणे उरते, तेही टॅक्सीने.

इस्पितळाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. परळ हे गिरणगावचे स्टेशन म्हणून प्रसिद्ध होते, पण ते रुग्णांचेही स्टेशन आहे. १९२६ सालचे के. ई. एम., लहान मुलांचे वाडिया, १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल ही सारी याच परिसरात आहेत. महालक्ष्मीहून हाजी अलीच्या बाजूला गेले की १९५५ साली स्थापन झालेली, अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्रीय संस्था लागते. दादरला तर अंध मुलींची शाळा आहे. म्हणजे ज्यांना चालणे, चढणे किंवा पाहणे कठीण, अशा माणसांना आपण देशभरातून नेमके ज्या ठिकाणी बोलावतो, त्याच ठिकाणच्या स्टेशनांनी त्यांच्यापुढे चाळीस पायऱ्या ठेवलेल्या आहेत.

कोणी म्हणेल, 'असे प्रवासी दिसतात तरी किती?' हा प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो, पण तो उलटा आहे. पूल नसलेल्या नदीकाठी उभे राहून 'पलीकडे जाणारा तर कोणी दिसत नाही, मग पूल कशाला?' असे विचारण्यासारखा तो आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, म्हणजे शंभरांत दोनांहून थोड्या अधिक. सरकारी भाषेत त्यांना अलीकडे दिव्यांग म्हणतात. नाव बदलले म्हणून जिना लहान होत नाही. या संख्येत म्हातारपणाने गुडघे गेलेली माणसे, दिवस भरत आलेल्या स्त्रिया, औषधोपचाराने थकलेले रोगी, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली आई, यांतले बहुतेक धरलेलेच नाहीत. त्यांना धरले तर ही संख्या कितीतरी वाढेल, आणि आपल्यापैकी प्रत्येकजण, आयुष्य लाभले तर, केव्हा ना केव्हा तिच्यात जाणारच आहे.

जिना हा केवळ दुबळ्यांचाच प्रश्न नाही, हे या भागाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. माणसे बदलली, संख्या वाढली, पण एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणारा पूल आणि त्याचा जिना अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, त्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मरण पावली. ती माणसे धडधाकट होती, कामावर निघालेली होती. पुढे लष्कराला पाचारण करण्यात आले, आणि तेथे, तसेच करी रोड व आंबिवली येथे नवे पूल उभारून २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले करण्यात आले. जे काम वर्षानुवर्षे रखडले होते ते काही महिन्यांत होऊ शकले, याचा अर्थ अडचण केवळ पैशाची नव्हती. जो जिना म्हातारीला अवघड असतो, तोच जिना गर्दीत तरुणाला प्राणघातक होतो, ही गोष्ट आम्हाला येथे सांगायची आहे.

आता मुख्य मुद्दा. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर सुरुवात कोठून करावी? आमच्या मते कामांच्या चार पायऱ्या कराव्यात.

पहिल्या पायरीवर ज्यांना पैसा लागतच नाही, किंवा नावापुरता लागतो, ती कामे. गाडीचा फलाट आयत्या वेळी बदलणे, हे उदाहरण घ्या. धावू शकणाऱ्या माणसाला तो वैताग असतो, पण कुबडीवरच्या माणसाची ती गाडी तर जातेच, शिवाय चाळीस आणि चाळीस ऐंशी पायऱ्यांची शिक्षा होते. फलाट शक्यतो बदलायचा नाही, आणि बदललाच तर पुरेसा आधी, इंडिकेटरवर आणि ध्वनिक्षेपकावर दोन्हीकडे सांगायचे, हा केवळ शिस्तीचा भाग आहे. दोन्हीकडे म्हणण्याचे कारण असे की अंध माणसाला इंडिकेटर दिसत नाही आणि बहिऱ्याला घोषणा ऐकू येत नाही. दादरचे एक चांगले उदाहरण आहे. तेथे दोन्ही रेल्वेंचे फलाट आपापल्या एक क्रमांकापासून सुरू होत, त्यामुळे नवख्याचा घोटाळा होई. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक देण्यात आले. पाट्या आणि घोषणा बदलण्याचा तेवढा खर्च झाला, आणि चुकून भलत्या जिन्यावर चढणाऱ्या किती माणसांचे श्रम वाचले असतील!

दुसरी पायरी रंगाची, कठड्यांची आणि फरशांची. प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक पिवळा पट्टा मारला, तर अंधूक दिसणाऱ्याला पायरी कोठे संपते ते कळते. कठडा दोन उंचींवर असावा, मध्येच तुटू नये, आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे जावा, म्हणजे जिना संपल्याचे हाताला समजते. जिना रुंद असेल तर मधोमध एक कठडा द्यावा. पायावर भरवसा नसलेला माणूस त्याच्या आधाराने गर्दीतही उतरू शकतो. अंधांसाठी उठाव असलेल्या फरशा असतात. त्यांचा शोध जपानात सेइइची मियाके यांनी लावला, आणि १९६७ साली ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविल्या गेल्या. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे 'चाल', आणि गोल ठिपक्यांची म्हणजे 'थांब, जपून'. ही एवढी साधी भाषा आहे. पण ती भाषा नीट लिहिली पाहिजे. पट्टी सरळ जाऊन खांबाला धडकत असेल, किंवा तिच्यावर चहाच्या दुकानाचे फळकूट मांडलेले असेल, तर ती नसलेली बरी, कारण ती अंध माणसाची फसवणूक करते. फरशा बसविताना एखाद्या अंध प्रवाशाला सोबत घेऊन ती वाट एकदा चालून पाहावी. त्याला काय खर्च आहे?

तिसरी पायरी फलाट आणि गाडी यांच्यामधली पोकळी. जानेवारी २०१४ मध्ये या पोकळीत सापडून एका विद्यार्थिनीला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले, आणि फलाटांची उंची ९०० ते ९२० मिलिमीटरांपर्यंत वाढविण्याचे काम सुरू झाले. स्वतः रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी यांच्यासारख्या नागरिकांनी माहितीचा अधिकार आणि न्यायालय या दोन मार्गांनी रेल्वे प्रवाशांचे प्रश्न किती चिकाटीने लावून धरले, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. तरीही डब्याची जमीन फलाटाहून वरच राहते, आणि चाकाच्या खुर्चीला तेवढी पायरीही भिंतीसारखी असते. येथे इंग्लंडमधले एक उदाहरण उपयोगी आहे. कंब्रिया परगण्यातल्या हॅरिंग्टन या लहानशा स्टेशनावर २००८ साली संपूर्ण फलाट उंच न करता, त्याचा थोडासा भाग, दोन्ही बाजूंना उतार देऊन, गाडीच्या दाराच्या उंचीला आणला. खर्च संपूर्ण फलाट उंच करण्याच्या मानाने अगदी थोडा झाला. आपल्या लोकलमध्ये अपंगांचा डबा ठराविक जागी असतो, आणि तो जेथे थांबतो तेथे अंधांसाठी सूचक आवाज देणारी यंत्रेही फलाटांवर बसविलेली आहेत. जागा ठाऊक आहे, मग तेवढाच भाग उंच करता येणार नाही का? बारा डब्यांच्या आणि पंधरा डब्यांच्या गाडीची जागा निराळी पडते, लांब पल्ल्याच्या गाड्या ज्या फलाटावरून जातात तेथे उंची वाढविता येत नाही, वळणावरच्या फलाटांचे गणित वेगळे असते, या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून केवळ लोकल थांबतात अशा सरळ फलाटांवर प्रथम प्रयोग करावा, आणि त्याचा अनुभव पाहून पुढे जावे.

चौथी पायरी लिफ्टची. काहीजण म्हणतात, लिफ्टऐवजी उतार बांधा, त्याला वीज लागत नाही आणि तो बंद पडत नाही. विचार चांगला आहे, पण हिशेब करून पाहा. चाकाची खुर्ची चढू शकेल असा उतार बारास एक या प्रमाणाहून उभा असू नये. सहा मीटर चढायला बहात्तर मीटर उतार लागतो. दर नऊ मीटरांवर दीड मीटर विसावा दिला तर एकूण लांबी ब्याऐंशी मीटरांच्या वर जाते. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटरांची असते. म्हणजे फलाटाचा तिसरा हिस्सा उतारानेच व्यापला! करी रोडसारख्या अरुंद फलाटावर हे शक्य नाही. रस्त्याच्या बाजूला जागा असेल तेथे उतार जरूर करावा, पण फलाटावर लिफ्टला पर्याय नाही. सरकता जिना हाही पर्याय नव्हे. तो थकलेल्या पायांना उपयोगी पडतो, पण चाकाच्या खुर्चीला, अंध माणसाला आणि पुष्कळ म्हाताऱ्यांना तो साध्या जिन्याहूनही भीतिदायक असतो.

लिफ्टला पैसा लागतो, तेव्हा ती कोठे बसवावी हा खरा वादाचा प्रश्न. प्रवासी संख्येप्रमाणे क्रम लावण्याची पद्धत आहे. आम्हाला वाटते, तेवढ्याने भागत नाही. प्रवासाला दोन टोके असतात. चढण्याची सोय झाली आणि उतरण्याची झाली नाही, तर पैसा फुकट गेला. दहा स्टेशने रस्त्यापासून डब्यापर्यंत पूर्ण सोयीची केली, तर त्यांच्यामध्ये पंचेचाळीस जोड्यांचा प्रवास मोकळा होतो. तोच पैसा वीस स्टेशनांत अर्धा अर्धा वाटला, एकीकडे लिफ्ट आहे पण पुलाच्या तोंडाशी पाच पायऱ्या आहेत, दुसरीकडे पूल सोयीचा आहे पण एकाच फलाटावर उतरता येते, तर मोकळा प्रवास एकही होत नाही. म्हणून थोडी स्टेशने घ्यावीत, पण ती पुरी करावीत, आणि निवडताना इस्पितळे, शाळा आणि गाडी बदलण्याच्या जागा यांना अग्रमान द्यावा. परळ, दादर, महालक्ष्मी, चर्नी रोड ही नावे आम्ही अशा यादीत आरंभी घालू.

या चारही पायऱ्यांना लागू पडणारा एक नियम आहे, आणि पैसा वाचविण्याचा तोच सर्वांत मोठा मार्ग आहे. कोणत्याही कारणाने स्टेशनात काम निघाले की त्याच कामात ही सोय करून घ्यावी. घर बांधून झाल्यावर भिंत फोडून नळ बसविणारा माणूस दुप्पट खर्च करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेली मेट्रो-३ गिरगाव, ग्रँट रोड, दादर येथून जमिनीखालून जाते. तिची स्टेशने कितीतरी खोल आहेत, तरी लिफ्ट आणि अंधांसाठीच्या पट्ट्या तेथे आरंभापासूनच आराखड्यात होत्या. जुन्या स्टेशनांतही कामे निघतच असतात. २२ मे २०२५ रोजी देशातल्या १०३ सुधारलेल्या स्टेशनांचे उद्घाटन झाले, त्यांत मुंबईची परळ, चिंचपोकळी, माटुंगा आणि वडाळा रोड ही स्टेशने होती. १२ सप्टेंबर २०२५ पासून एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल पाडून नवा बांधण्यासाठी बंद करण्यात आला. अशा प्रत्येक वेळी नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा: 'रस्त्यावर उभी असलेली म्हातारी कोणाच्याही आधाराशिवाय गाडीच्या दारापर्यंत जाऊ शकेल काय?' कमान सुंदर झाली, भिंती रंगल्या, दिवे लागले, हे सर्व चांगलेच आहे. पण या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे असेल तर काम अपुरे आहे.

हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, यात दयेची याचना नाही. १९९५ साली पहिला अपंग कायदा झाला, त्याच्या जागी २०१६ चा विस्तृत कायदा आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. वाहतुकीच्या सोयी सर्वांना वापरता येतील अशा करणे हे त्यात सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल दिला, की सुगमतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवणे या कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारक असले पाहिजेत. म्हणजे 'जमले तर करू' ही भाषा आता सरकारला उरलेली नाही.

परंतु सगळे सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. अपंगांच्या डब्यात कॅन्सरचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनाही मुभा आहे. तेथे धडधाकट माणसे दार अडवून उभी राहिली, तर रेल्वेने कितीही खर्च केला तरी तो व्यर्थ आहे. लिफ्ट बंद असेल तर शंभर माणसे चुकचुकत जिना चढतात, पण तक्रार एखादाच लिहितो. बसविलेली लिफ्ट चालू ठेवणे हे बसविण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ती किती दिवस बंद होती हे पाटीवर लिहिण्याची सक्ती झाली पाहिजे. आपल्या भागात गणेशोत्सव मंडळे आहेत, वाचनालये आहेत, व्यायामशाळा आहेत. प्रत्येक स्टेशनाजवळच्या एखाद्या मंडळाने वर्षातून दोनदा, एक अंध, एक वृद्ध आणि एक चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी बरोबर घेऊन, रस्त्यापासून फलाटापर्यंतची वाट तपासावी आणि जे दिसेल ते लिहून स्टेशन मास्तरांना, रेल्वेच्या विभागीय कचेरीला आणि महानगरपालिकेच्या वॉर्ड कचेरीला एकाच दिवशी द्यावे. तिघांना एकाच वेळी कागद मिळाला, की 'ते आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर देणे अवघड होते.

माणसाला चार जणांनी उचलून जिन्यावरून नेणे, हे मुंबईत नेहमी घडते, आणि तिच्या माणुसकीचे उदाहरण म्हणून आपण ते कौतुकाने सांगतोही. ती माणुसकी खरीच आहे. पण ज्याला उचलले जाते, त्याच्या मनाचाही विचार करावा. त्याला रोज उपकार नको असतात. त्याला आपल्या पैशाने तिकीट काढून, आपल्या वेळेला, कोणाचे आभार न मानता कामावर जायचे असते. ही इच्छा अवाजवी आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि थोड्या पैशात, नीट क्रम लावला तर, ती पुष्कळ अंशी पुरी करता येण्यासारखी आहे.